कोयत्याची पूजा झाली, आता वजनही करा

खंडेनवमीच्या सकाळी शिवाजी पेठेत फेरफटका मारला, की हत्यारांचे दोन संसार पाटावर मांडलेले दिसतात. तालमींत तलवार, भाला, विटा आणि दांडपट्टा. घराघरांत विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपे आणि पहार. पेठेतल्या कित्येक घरांचे मळे आजही पंचगंगेकाठच्या गावांत आहेत. त्यामुळे निवृत्ती चौकापासून रंकाळ्यापर्यंत कोणत्याही जुन्या घरात माळ्यावर एखादा कोयता सापडतोच. त्या दिवशी त्याला धुऊन-पुसून हळदकुंकू लावायचे, झेंडूचे फूल वाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत माळ्यावर टाकायचे, हा आपला रिवाज आहे.

रिवाज चांगलाच आहे. माझी तक्रार एवढीच, की आपण हत्याराला नमस्कार करतो, पण त्याची चौकशी करत नाही. त्याचे वजन किती, मूठ कोणाच्या हाताची, धार कोणत्या कामाची, हे प्रश्न वर्षातून एकदाही विचारले जात नाहीत. त्याची किंमत मोजणारे हात मग दवाखान्यात येतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर असाच एक हात माझ्यासमोर आला. साठी ओलांडलेले गृहस्थ. परड्यातल्या बाभळीची वाळलेली फांदी तोडत होते. हत्यार म्हणजे ऑनलाइन मागवलेला, हातभर लांब, चकचकीत परदेशी धाटणीचा कोयता. पहिल्या चार घावांत काही झाले नाही. पाचवा घाव लाकडावरून उसळला आणि फांदी धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीवर आला. जखम जेमतेम पाऊण इंचाची होती, पण बोट वाकवणारा स्नायूबंध तुटला होता. शस्त्रक्रिया, सहा आठवडे पट्टी, नंतर व्यायाम. त्यांचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. "डॉक्टर, पाते नवे होते, धारही चांगली होती. मग हातावर आले कसे?"

चूक धारेची नव्हती, हत्यार आणि लाकूड यांच्या जोडीची होती. ओल्या झुडपासाठी बनलेले पाते त्यांनी वाळलेल्या बाभळीवर चालवले होते.

घाव म्हणजे नेमके काय

कोणत्याही तोडणाऱ्या हत्याराचे काम दोन गोष्टींवर चालते. पहिली गोष्ट, पाते लाकडापर्यंत किती ऊर्जा घेऊन पोचते. दुसरी, ती ऊर्जा किती बारीक रेषेवर उतरते. ऊर्जेचे गणित शाळेतले आहे. वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून हलके पण वेगाने फिरणारे पाते पुष्कळ वेळा जड पात्याइतकेच काम करते. मात्र हे ओल्या, मऊ आणि बारीक वस्तूंपुरतेच खरे. ऊस, गवत, घाणेरी, रानमोडी, कोवळा बांबू हे सारे वेगाला शरण जातात. वाळलेले, कडक लाकूड पात्याला एकदम थांबवते. तिथे पात्यामागे वजन नसेल तर ते आत शिरत नाही. ते एक तर अडकते, नाहीतर उसळते. माझ्या रुग्णाच्या बाबतीत ते उसळले.

दुसरी बाब धारेच्या कोनाची. धार जितकी निमुळती तितकी ती सहज शिरते, आणि तितकीच लवकर मुडपते. म्हणून विळ्याची धार पातळ असते आणि कुऱ्हाडीची पाचरीसारखी. कुऱ्हाड लाकूड कापते कमी आणि फाकवते जास्त. उभ्या रेषेत ओंडका फोडताना हा गुण लागतो. झुडूप साफ करताना त्याचा काही उपयोग नसतो.

तिसरी बाब फारसे कोणी सांगत नाही. प्रत्येक पात्यावर एक जागा अशी असते, की तिथे घाव बसला तर मुठीला झटका जवळजवळ जाणवत नाही. क्रिकेट खेळणारी पोरे बॅटवरची ही जागा बरोबर ओळखतात. कोयत्यालाही ती असते, बहुधा टोकाच्या थोडी अलीकडे. त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे घाव बसला की सारा झटका मनगटात आणि कोपरात येतो. नवे हत्यार घेतल्यावर मऊ ओंडक्यावर पात्याच्या वेगवेगळ्या भागांनी आठ-दहा घाव घालून पाहावेत. हात कुठे झिणझिणत नाही ते लगेच कळते. पुढे त्याच जागेने तोडायचे.

कोणत्या कामाला कोणते पाते

आता आपल्या माळ्यावरची हत्यारे एकेक करून पाहू.

विळा हे ओढून कापायचे हत्यार आहे. गवत, कडबा, भाताची लोंबी यांसाठी तो बनला आहे. दातेरी विळ्याला वारंवार धार लावावी लागत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा 'नवीन' विळा आणि आपल्याकडे शेतकऱ्यांना परिचित असलेला 'वैभव' विळा हे अशाच सुधारणेतून आले. विळ्याने फांदीवर घाव घालणे म्हणजे चमच्याने खिळा ठोकणे.

ऊसतोडीचा कोयता आखूड, पातळ आणि हलका असतो. गावागणिक, लोहारागणिक त्याचा आकार बदलतो. बुडाला वाकून एक घाव, वाडे उडवायला एक, पाचट सोलायला एक-दोन, अशी त्याची कामाची लय असते. हा कोयता उसाचा आहे, लाकडाचा नाही. सरपणासाठी तो वापरला की धारेला दाते पडतात आणि दुसऱ्या दिवशी फडात तोच कोयता दुप्पट जोर मागतो.

घाट उतरून कोकणात गेले की कोयती भेटते. ती आखूडच असते, पण जाड पाठीची आणि टोकाला आत वळलेली. गडी ती कमरेच्या मागे आकडीला अडकवून माडावर चढतो. दोन्ही हात मोकळे राहतात आणि उघडे पाते अंगाला लागत नाही. टोकाच्या वळणामुळे वेल ओढून कापता येतो, आणि जमिनीलगत घाव घातला तर दगडावर आधी टोक आपटते, धार वाचते. युरोपातल्या शेतकऱ्यांनीही कुंपणाची झुडपे छाटण्यासाठी जवळजवळ हाच आकार शोधला होता. दोन टोकांची माणसे एकाच आकारापाशी पोचली, याचे कारण काम एकच होते. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतची ओली फांदी, झावळ्या, कुंपणाचे काटे यांसाठी आपल्याकडे याहून चांगले हत्यार नाही.

लांब सरळ पात्याचा परदेशी कोयता, म्हणजे मॅशेटी, मूळचा लॅटिन अमेरिकेतला. दीड ते दोन फूट लांब, दोन-तीन मिलिमीटर जाड. उंच ओले गवत आणि झुडपे उभ्यानेच साफ करायला तो उत्तम. वाकावे कमी लागते, हा त्याचा मोठा गुण. पण पाते लांब असल्याने तो दूरपर्यंत जातो. शेजारी कोणी उभे असेल, घाव हुकला असेल, किंवा लाकूड कडक असेल, तर हाच गुण धोका होतो. नेपाळी कुकरीचे वजन टोकाकडे असते, त्यामुळे ती आखूड असूनही खोल घाव घालते. मात्र तिला सवयीचा हात लागतो.

कुऱ्हाड फक्त लाकडासाठी. फोडायला जड, तोडायला हलकी. तिचा सगळ्यात धोकादायक भाग पाते नव्हे, दांडा. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण दवाखान्यात ती शब्दशः खरी ठरते. उन्हाने आटलेला दांडा, सैल झालेली पाचर आणि वरून निसटणारे पाते, एवढ्याने मोठा अपघात होतो. कुऱ्हाड हातात घेण्यापूर्वी पाते पकडून दांडा हलवून पाहावा. जरा जरी खुळखुळला, तरी त्या दिवशी काम बंद.

आणि मनगटापेक्षा जाड फांदी असेल तर यांपैकी काहीच नको. तिथे करवत घ्यावी. आधी फांदीच्या खालून थोडी चीर, मग थोडे पुढे वरून काप, शेवटी उरलेला बुंधा. असे केले की साल खोडापर्यंत सोलत जात नाही आणि फांदी अंगावर झुलत येत नाही. शहरात झाड तोडण्यासाठी वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

मूठ, मनगट आणि तालमीतला धडा

हत्यार विकत घेताना आपण पात्यावर बोट फिरवतो, मूठ मात्र क्वचितच पाहतो. खरे तर शरीराचा हत्याराशी संबंध मुठीपुरताच असतो. घट्ट पकडीसाठी तीन ते चार सेंटिमीटर व्यासाची मूठ बहुतेक हातांना सोयीची पडते. त्याहून बारीक मूठ हातात फिरते, आणि ती फिरू नये म्हणून आपण नकळत जास्त जोराने आवळतो. त्याहून जाड मुठीवर बोटे पुरत नाहीत. दोन्हींत हाताचे स्नायू लवकर थकतात. स्त्रियांच्या पकडीची ताकद सरासरीने पुरुषांच्या सुमारे साठ टक्के असते, आणि हातही लहान असतो. तरीही एकाच मापाची मूठ सगळ्यांच्या हातात दिली जाते.

मनगट वाकले की पकड आणखी कमी होते. वाकलेल्या मनगटाने, आवळलेल्या मुठीने हजारो वेळा तीच हालचाल केली, की मनगटातून जाणारी नस दाबली जाते. रात्री हाताला मुंग्या येतात, सकाळी कपबशी धरवत नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. बोट वाकले की अडकते आणि 'टक' करून सुटते. या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिला प्रश्न विचारतो, हातात दिवसभर काय असते?

यावरचा एक धडा आपल्या तालमींतच आहे. मर्दानी खेळातला दांडपट्टा पाहा. त्याची मूठ कोपराच्या दिशेने लांब गेलेल्या लोखंडी खोबणीत असते. हात त्यात गेला की मनगट वाकूच शकत नाही. वार खांद्यातून आणि अंगाच्या फिरण्यातून येतो. म्हणून एवढे लांब पाते खेळाडू इतका वेळ फिरवू शकतो. कोयत्याला अशी खोबणी बसवा असे मी म्हणत नाही. पण तत्त्व तेच आहे. मनगट सरळ ठेवून घाव अंगातून आला पाहिजे, आणि मूठ तशी असली पाहिजे.

पाणी उतरलेले पाते

आपला लोहार कोयता बहुधा ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवतो. स्प्रिंगसाठी बनलेले हे पोलाद चिवट असते, वाकून परत येते, म्हणून ही निवड शहाणपणाची आहे. पाते भट्टीत लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून थोडा कडकपणा उतरवतात. पात्यावर चढणारा पिवळसर, तांबूस, मग निळसर रंग पाहून लोहार अचूक क्षणी थांबतो. याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. पुस्तकात याला उष्णता-संस्करण म्हणतात. ज्ञान एकच.

हे ज्ञान आपण हल्ली दोन मिनिटांत घालवतो. घाईत विजेच्या ग्राइंडरवर धार लावताना पाते तापते, धारेवर निळसर झाक येते, आणि लोहाराने दिलेले पाणी तिथेच उतरते. पुढे कितीही धार लावा, ती टिकत नाही. कानस किंवा निसण्याने हाताने धार लावावी. ग्राइंडर वापरायचाच असेल तर दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पाते पाण्यात बुडवावे. पात्याला हात लावता येत नाही इतके ते तापले, तर तिथेच थांबावे.

बोथट हत्यार सुरक्षित असते, हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, जोर लावला की नेम चुकतो, आणि पाते शिरण्याऐवजी घसरते. धारदार पाते जिथे टाकाल तिथे जाते.

फडातला 'कोयता'

आतापर्यंत परड्यातल्या फांदीची गोष्ट केली. आपल्यासाठी कोयता वर्षातून चार दिवसांचा आहे. पण आपल्याच जिल्ह्यात दर दिवाळीच्या आसपास हजारो माणसे येतात, ज्यांच्यासाठी तो पाच-सहा महिन्यांचा असतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून आलेल्या या माणसांना मोजायची पद्धतच कोयत्यावरून पडली आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादम विचारतो, "किती कोयते आणलेत?" दोन माणसांचा हिशेब एका पात्याच्या नावाने होतो, आणि त्या पात्याचे वजन मात्र कोणी करत नाही.

जरा साधे गणित करू. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते असे धरू. एका उसाचे वजन सव्वा किलो धरले तर सोळाशे ऊस होतात. प्रत्येकाला बुडाचा एक, वाड्याचा एक आणि पाचटाचा एक असे किमान तीन घाव. म्हणजे दिवसाला ४८०० घाव. कोयता गरजेपेक्षा केवळ १०० ग्रॅम जड असेल, तर ती जोडी दिवसभरात ४८० किलो वजन विनाकारण उचलून आपटते. महिन्याला ते चौदा टनांच्या घरात जाते. धार बोथट असेल तर घावांची संख्याच वाढते. शिवाय उसात साखर बुडाकडे जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगतच व्हावी लागते. आखूड मुठीच्या कोयत्याने ते करायचे तर प्रत्येक घावाला कंबरेतून वाकणे आले.

यावर काही करता येते का? करता येते, याचे एक उदाहरण मध्य अमेरिकेत आहे. एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही. तीव्र उन्हातले अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण असल्याचे संशोधक मानतात. २०१४-१५ च्या हंगामात एल साल्वादोरमध्ये मजुरांच्या एका लहान गटावर प्रयोग झाला. पुरेसे पाणी, ठरलेली विश्रांती, सावलीसाठी फिरता तंबू, आणि त्याबरोबर शरीराला सोयीचा कोयता व तोडणीची सुधारलेली पद्धत. उष्णतेच्या त्रासाची लक्षणे कमी झाली. लोकांना वाटले होते की विश्रांती दिली तर काम घटेल. उलट एका गटात माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. यात श्रेय पाण्याचे किती आणि कोयत्याचे किती, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही, आणि गट छोटा होता. पण मजुराच्या शरीराची काळजी घेतल्याने धंदा बुडत नाही, एवढे तर दिसलेच.

आपल्याकडे मजुराच्या शरीराकडे लक्ष गेले, ते फार उशिरा आणि फार वाईट कारणाने. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्याचे कारण कोयता नव्हे. एक दिवस चुकला तर खाडा, फडात शौचालय नाही, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आणि आजारी पडायला सवड नाही, अशी ती साखळी आहे. पण ज्या व्यवस्थेला बाईच्या हाताच्या मापाची मूठ करावी असे कधी सुचले नाही, तिला तिच्या पोटातले दुखणे ऐकू येईल, ही अपेक्षाच भाबडी होती.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप ओळखीचा आहे. "लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या कळते, त्याला प्रयोगशाळेचे शहाणपण कशाला?" मी लोहाराच्या बाजूचाच आहे. चांगला लोहार गिऱ्हाइकाचा हात पाहून मूठ करत असे, हेच तर खरे माप. पण आज कितीतरी कोयते पत्रा कापून, घाऊक बनून, एकाच मापात येतात. माप घेणारा लोहार मधून निघून गेला आहे. विज्ञानाने त्याची जागा घ्यावी असे नाही. त्याला पुन्हा मधे आणावे, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप असा, की ऊसतोडणी यंत्रे आली आहेत, आता कोयत्याचा विचार कशाला? यंत्राला सऱ्यांत पुरेसे अंतर लागते, वळायला जागा लागते, कोरडी जमीन लागते. आपल्याकडची तुकड्या-तुकड्यांची शेती, नदीकाठची ओल आणि लोळलेला ऊस पाहता कोयता आणखी बरीच वर्षे फडात राहणार आहे. तोवर तो धरणाऱ्या हातांनी यंत्राची वाट पाहत झिजावे, हे काही उत्तर नव्हे.

काय करावे

माझ्या मते तीन गोष्टी याच हंगामापासून शक्य आहेत. साखर कारखान्यांनी आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने मिळून, हंगामाच्या आधी प्रत्येक जोडीला एक नव्हे, दोन कोयते द्यावेत. दोन-तीन मापांच्या मुठी ठेवाव्यात आणि मजुराने हातात धरून आपला निवडावा. पात्यावर वजन कोरलेले असावे. सोबत एक कानस, डाव्या हाताला जाड मोजा आणि नडगीला पट्टी. टनामागच्या खर्चात हा आकडा नगण्य आहे.

दुसरे, उद्यमनगरातले कारागीर, आपल्या शहरातली अभियांत्रिकी महाविद्यालये आणि शिवाजी विद्यापीठ यांनी गावोगावच्या लोहारांना सोबत घेऊन कोयत्याचे पाच-सहा नमुने फडात तपासावेत. जगभरच्या मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या शहराला एक चांगली मूठ बनवता येणार नाही, हे मला पटत नाही. निवड मात्र मजुरांनी करावी, आणि त्यात बायकांचे मत निम्मे असावे.

तिसरे, ऊसपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कापल्याच्या जखमेची नोंद करताना दोन रकाने वाढवावेत. हत्यार कोणते होते आणि जखम कोणत्या हातापायाला झाली. ज्या दुखण्याची मोजदादच होत नाही, त्यावर उपाय कोणीच शोधत नाही.

आणि आपल्या घरापुरते? काम करताना हत्याराच्या पल्ल्यात कोणी नको. फांदी धरलेला हात घावाच्या रेषेत नको. लाकूड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा. कापलेच, तर स्वच्छ कापडाने जखमेवर सरळ दाब द्यावा. सलग दहा मिनिटे तो काढून बघू नये. हळद, चुना, तंबाखू यांतले काही भरू नये. जखम लहान असली तरी बोट वाकत किंवा सरळ होत नसेल, वा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी शल्यविशारदाला दाखवावे. बोटाचा तुकडा पडला तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये, त्याने पेशी मरतात.

माझे ते रुग्ण आता बरे आहेत. बोट पूर्ण मिटत नाही, पण पेन धरता येते. आजोबांचा जुना कोयता त्यांनी माळ्यावरून काढला, लोहाराकडून नवी मूठ बसवून घेतली आणि चकचकीत पाते कपाटात ठेवून दिले. बाभळीसाठी करवत आणली.

येत्या खंडेनवमीला पाटावर हत्यार मांडाल तेव्हा फूल वाहण्याआधी दोन मिनिटे द्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करा. मूठ घरातल्या प्रत्येकाच्या हातात देऊन पाहा. पाचर हलते का, धारेवर निळी झाक आहे का, तपासा. आणि घरातल्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस, म्हणजे टीडी, पूर्वीचे टीटी, शेवटची कधी घेतली, ते विचारा. मातीत मळलेली जखम असेल आणि पाच वर्षे उलटली असतील, तर नवा डोस लागतो. ती तारीख आठवत नसेल, तर पूजा आटोपल्यावर पहिले काम तेच.